घरातल्या थोरांची बोली रेकॉर्ड करायची आहे? आधी खोली, मग माइक, शेवटी बटण

बोलीतली रेकॉर्डिंगं ऐकून ती शब्दशः उतरवून घ्यायचं काम मी करते. कुणी आजीच्या ओव्या पाठवतं, कुणी वडिलांच्या तोंडची शेतीची भाषा, तर कुणी गावातल्या सुईणीच्या आठवणी. बहुतेकांची तक्रार एकच असते. आवाज येतोय, चांगला मोठा येतोय, पण नेमका शब्द कळत नाही. त्यावर त्यांचा उपायही ठरलेला असतो: "जरा एडिट करून घ्या ना, पंख्याचा आवाज काढून टाका." तो काढता येतो, पण त्याच्याबरोबर शब्दाचा कणाही निघून जातो.

ही चूक बटण दाबल्यावर होत नाही, त्याच्या अर्धा तास आधीच झालेली असते. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. माइक निवडायची घाई बहुतेकांना असते आणि खोली कुणीच बघत नाही.

## आधी एक छोटा प्रयोग: 'कण' आणि 'खण'

तळहात तोंडासमोर धरून हे दोन शब्द सावकाश म्हणा. 'कण' म्हणताना जीभ सुटते आणि साधारण २०–३० मिलिसेकंदांत स्वर सुरू होतो. 'खण' म्हणताना जीभ सुटल्यावर तळहातावर हवा लागते आणि स्वर यायला ८० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. दोन शब्दांतला सगळा फरक त्या मधल्या श्वासात आहे. तर–थर, गाव–घाव, डोल–ढोल या जोड्या अशाच श्वासावर उभ्या आहेत. कोल्हा, म्हैस, न्हाणी यांतला 'ह'सुद्धा तेवढाच नाजूक. 'ळ' उच्चारताना जीभ मागे वळून टाळूला जेमतेम २०–३० मिलिसेकंद टेकते आणि निसटते.

स्वर दणकट असतात. स्वर आणि सर्वांत क्षीण व्यंजन यांच्या जोरात २५ ते ३० डेसिबलचाही फरक पडतो. शब्द ओळखू येतो तो मात्र या क्षीण भागांवरूनच. आता तीन गोष्टी एकत्र बघा. मोकळ्या, फरशीच्या खोलीत 'आ' घुमत राहतो आणि पुढच्या व्यंजनाआधीची बारीक शांतता भरून टाकतो, त्यामुळे 'ळ'चा स्पर्श बुजतो. पंख्याची घरघर आणि 'ख'चा श्वास दोन्ही खरखरीत आवाज, म्हणून पंखा श्वासाला गिळतो. आणि फोनमधली आवाज-सफाई 'घरघर दिसली की काप' एवढंच जाणते, ती 'ख'चा श्वासही कापते आणि तुमच्या हातात 'कण' येतो.

म्हणून पुढची सगळी खटपट या श्वासासाठी आणि त्या चिमूटभर शांततेसाठी आहे.

## टप्पा १: आदल्या दिवशी जाऊन नुसतं ऐका

ज्या वेळी रेकॉर्डिंग करायचं, त्याच वेळी आदल्या दिवशी त्या घरात डोळे मिटून दहा मिनिटं बसा आणि जे जे ऐकू येईल ते कागदावर लिहा. आपला कान सवयीचे आवाज वगळून ऐकतो, माइक काहीच वगळत नाही. मी हे करते तेव्हा यादीत हमखास निघणाऱ्या गोष्टी: फ्रिज, विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी, शेजारचा टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, एसटीचा थांबा, शाळा सुटण्याची वेळ, सकाळचे कावळे, भिंतीवरचं घड्याळ.

या यादीवरून वेळ ठरते. पंखा बंद ठेवायचा असल्यामुळे वेळ थंड हवी. वैशाखातल्या दुपारी ऐंशी वर्षांच्या माणसाला पंख्याविना बसवणं योग्य नाही, आणि घामाघूम माणूस मोकळेपणी बोलतही नाही. सकाळचा चहा झाल्यावर आणि स्वयंपाकाच्या गडबडीआधीचा तास बहुतेक घरांत चांगला मिळतो. पत्र्याचं छप्पर असेल तर पावसाळ्यात दिवस हातचा राखून ठेवा. पत्र्यावर सर आली की काही करता येत नाही. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ती मुद्दाम निवडा: पंखा, फ्रिज, टीव्ही, गिरणी, मोटर सगळं एकदम गप्प होतं.

परवानगीही याच दिवशी घ्या. कशासाठी रेकॉर्ड करतोय, कोण ऐकणार, कुठे ठेवणार हे साध्या शब्दांत सांगा. "आजी, तुमचं बोलणं जपून ठेवायचंय" एवढ्यावर भागवू नका. पुढे ते चारचौघांत ऐकवणार असाल तर तसं स्पष्ट सांगा, आणि नको म्हणायची वाट मोकळी ठेवा.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक आवाजापुढे 'बंद करता येईल', 'वेळ बदलून टळेल' किंवा 'टळणार नाही' यांपैकी एक लिहिलं का? 'टळणार नाही' दोनपेक्षा जास्त असतील तर जागा बदला.

## टप्पा २: खोली निवडा

पाहुण्यांना बसवतो ती पुढची खोली बहुधा घरातली सर्वांत वाईट खोली असते: गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती, काचेचं शोकेस आणि रस्त्याकडची खिडकी. तिथे उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' अशी धातूची थरथर ऐकू आली, तर समोरासमोरच्या दोन भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. टाळी 'ठप्' करून विझली तर खोली चांगली.

खोली किती घुमते याचा अंदाज कागदावरही निघतो. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. आवाज ६० डेसिबलने विझायला लागणारे सेकंद मिळतात. दहा बाय बाराची, दहा फूट उंच स्लॅबची खोली धरू. ती साधारण ३ × ३.६ × ३ मीटर, म्हणजे घनफळ सुमारे ३२. भिंती, छत, फरशी मिळून ६१ चौरस मीटर पृष्ठभाग. गिलावा आणि फरशी त्यांच्यावर पडलेल्या आवाजातला जेमतेम ३ टक्के भाग शोषतात, म्हणजे शोषण १.८. गणित करा: रिकामी खोली जवळजवळ तीन सेकंद घुमते. एवढ्या वेळात माणूस पुढचे पाच-सहा शब्द बोलून गेलेला असतो.

आता त्याच खोलीत चार गोधड्या टांगा. एक गोधडी साधारण चार बाय साडेसहा फुटांची, म्हणजे चार मिळून १० चौरस मीटरच्या आसपास. जाड गोधडी निम्मा आवाज शोषते असं धरलं तर शोषण ५ ने वाढतं. दोन माणसं बसली की आणखी सुमारे १. घुमणं तीन सेकंदांवरून ०.७ सेकंदाच्या घरात येतं. हा ढोबळ हिशोब आहे, खर्जातल्या आवाजाला गोधडी एवढी पुरत नाही. पण चार गोधड्यांनी काय होतं ते यावरून कळावं.

जुन्या घरांत ही मेहनत कमी लागते. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याच्या पोत्यांची थप्पी आणि दांडीवर टांगलेले कपडे असतील तर त्या माजघरात टाळी आपोआप विझते. कोकणातल्या न गिलावलेल्या चिऱ्याच्या भिंतीही गुळगुळीत गिलाव्यापेक्षा बऱ्या. ओसरी किंवा पडवी एका बाजूने उघडी असल्यामुळे घुमत नाही, कारण उघड्या बाजूने गेलेला आवाज परत येत नाही. पण त्याच बाजूने गावभरचे आवाज आत येतात. रस्त्यापासून दूर असलेली मागची पडवी मिळाली तर मात्र ती बंद खोलीपेक्षा सरस ठरते.

सावधान: मंदिराचा सभामंडप, समाजमंदिर, शाळेचा मोकळा वर्ग, नवीन बांधलेला हॉल या जागा 'शांत आहेत' म्हणून निवडू नका. शांत असणं आणि न घुमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

## टप्पा ३: खोली मऊ करा

क्रम असा ठेवा: आधी खाली, मग बोलणाऱ्याच्या समोर, मग मागे. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर घोंगडी किंवा गादी. बोलणारी व्यक्ती ज्या भिंतीकडे तोंड करून बसणार त्या भिंतीपुढे दोन गोधड्या, तिच्या पाठीमागे एक आणि जवळच्या बाजूला एक. माइक फक्त समोरून आवाज घेणारा असेल तर पाठीमागची गोधडी आणखी महत्त्वाची, कारण माइकचं तोंड तिकडे असतं.

गोधडी भिंतीला चिकटवून टांगू नका. दोरी बांधून चार बोटं पुढे सोडा. भिंतीला अगदी लागून हवेचे कण जवळजवळ हलतच नाहीत, त्यामुळे तिथल्या कापडाला अडवायला काही उरत नाही. थोडं पुढे हवा हलते आणि कापडाच्या धाग्यांत तिचा जोर जिरतो. चार बोटांच्या अंतराने तीच गोधडी जास्त खालच्या सुरापर्यंत काम करते.

पातळ चादर, ओढणी, साधे पडदे यांनी फक्त 'स', 'श'सारखे तीव्र आवाज शोषले जातात आणि खालची घुमघुम तशीच राहते. रेकॉर्डिंग मग कोंदट आणि घुमरं असं दोन्ही होतं. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावायचा सल्ला कुणी दिला तर सोडून द्या. पुठ्ठा पातळ असतो, त्याने फारसं काही शोषलं जात नाही. आणि बोलणाऱ्याला खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा अगदी कोपऱ्यात बसवू नका. लहान खोलीत या दोन ठिकाणी खर्जाचे सूर फुगतात किंवा बुडतात. मधून जरा सरकून, कुठल्याही भिंतीपासून तीनेक फूट लांब बसवलं की बरं पडतं.

सावधान: आजीला गोधड्यांच्या तंबूत कोंडू नका. तिला तिची नेहमीची जागा, नेहमीची बैठक, शक्य तर खिडकीतला उजेड हवा. खोली थोडी कमी मऊ झाली तरी चालेल, पण माणूस अवघडला की बोलीच बदलते.

## टप्पा ४: एकेक आवाज बंद करा

फ्रिज बटणाने बंद करा आणि तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजच्या आत ठेवा. म्हणजे निघताना तो चालू करायचं विसरणार नाही. पंखा, इन्व्हर्टर आणि जुन्या चोकची ट्यूबलाइट बंद. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे चोक आणि ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झवर गुणगुणतात. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण १०० ते १५० हर्ट्झ असतो. दोन्ही एकमेकांवर बसल्यावर गुणगुण काढायला गेलात की आबांच्या आवाजाचा तळ निघून जातो. घड्याळ उतरवून बाहेर न्या. घरातले सगळे फोन एअरप्लेन मोडवर.

आता बांगड्या. काचेच्या बांगड्यांची किणकिण नेमकी 'स' आणि 'च'च्या पट्ट्यात पडते आणि म्हातारी बाई बोलताना हात हलवल्याशिवाय राहत नाही. तरीही बांगड्या काढायला सांगू नका. मनाला लागतं, आणि सांगणं बरंही नाही. मी मांडीवर एक मऊ उशी देते, "हात टेका आजी, दमाल." हात उशीवर विसावतात, किणकिण निम्म्याहून कमी होते. मनगटावर पदराचा पीळ दिला तरी चालतं. कवळी असेल तर रोज लावतात तशीच असू द्या. कवळीची शिट्टी हा त्यांच्या आजच्या बोलण्याचा भाग आहे, फक्त वहीत नोंद करा.

तपासणी: सगळं बंद करून एक मिनिट रेकॉर्ड करा, कुणीही बोलायचं नाही. हेडफोन लावून मोठ्या आवाजात ऐका. जे ऐकू येतंय ते ओळखता आलं पाहिजे. ओळखता येत नसेल तर ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: माइक जवळ आणा

सगळ्या लेखातली एकच पायरी पाळायची असेल तर ही पाळा. माइकचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीची घुमघुम आणि पंख्याची घरघर मात्र आहे तेवढीच राहते. दोन मीटरवरच्या टेबलावर ठेवलेला फोन उचलून २० सेंटिमीटरवर आणलात की शब्द २० डेसिबलने वर येतो. कुठलंही सॉफ्टवेअर एवढं देत नाही आणि ह्याला एक पैसा लागत नाही.

कॉलर माइक असेल तर हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मध्यावर. सदऱ्याला दुसऱ्या गुंडीजवळ. नऊवारी किंवा पाचवारी असेल तर पदराच्या मोकळ्या काठाला लावू नका. पदर सारखा सरकतो आणि त्याची सळसळ थेट माइकमध्ये जाते. पदर खांद्यावर पिनेने बसवून मग आतल्या घट्ट भागाला लावा. मंगळसूत्राचे मणी किंवा बोरमाळ माइकवर आपटणार नाही एवढं बघा. वायरीचा एक वेढा कपड्याखाली सैल सोडा, म्हणजे वायर ओढली गेली तरी खरखर वर पोचत नाही.

कॉलर माइक नसेल तर फोनही चालतो, पण हातात धरून नाही आणि उघड्या टेबलावर ठेवूनही नाही. टेबलावरून परतलेला आवाज थेट आवाजात काही क्षण उशिरा मिसळतो, त्यामुळे काही सूर कटतात आणि बोलणं पोकळ लागतं. घडी केलेल्या घोंगडीच्या थप्पीवर फोन ठेवा, तोंडाच्या उंचीला, दीड वितीवर. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, ती कड बोलणाऱ्याकडे करा. तोंडाच्या अगदी समोर धरू नका, थोडा बाजूला ठेवा. 'फ', 'भ', 'ख', 'थ' यांचा फुंकर समोरच्या माइकवर धडकतो आणि 'भप्प' असा दणका बसतो. बाजूच्या माइकला तोच श्वास मोजका आणि स्वच्छ मिळतो.

ओव्यांसाठी वेगळी सूचना, कारण इथे मी एकदा चुकले आहे. सातारकडच्या माझ्या एका चुलत आत्याने जात्यावर बसून पंधरा-वीस ओव्या म्हटल्या होत्या. मी फोन जात्याशेजारी जमिनीवर ठेवला होता आणि वर पंखा चालू होता. घरी येऊन उतरवायला बसले, तेव्हा एका ओवीचा शेवटचा शब्द 'गाव' आहे की 'घाव' ते काही केल्या ठरेना. दोन्ही अर्थ त्या ओवीत चपखल बसतात आणि दोन्हींत ती ओवी पूर्ण वेगळी होते. पाच महिन्यांनी परत गेले, विचारलं. आत्या म्हणाली, "जात्याबिगर न्हाय आठवायची गं ती." जातं तोवर परसात उलटं पडलेलं होतं.

म्हणून जात्यावरच्या ओव्या जात्यावरच म्हणू द्या, ते थांबवू नका. पण माइक दगडाशेजारी नको, छातीवर हवा. आणि जात्यावरून उठण्याआधी, तिथेच, जातं थांबवून प्रत्येक ओवी एकदा नुसती बोलून घ्या. हात खुंट्यावरच असू द्या.

## टप्पा ६: फोन किंवा रेकॉर्डरची मांडणी

फाइल 'वेव्ह' प्रकारची हवी, म्हणजे आवाज न आवळता जसाच्या तसा ठेवणारी. ॲपच्या सेटिंगमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि जमल्यास २४ बिट निवडा. एकच माइक असेल तर मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, पुरे. २४ बिटला तासाला साधारण ५२० मेगाबाइट लागतात, १६ बिटला ३५०. तेवढी जागा आधीच मोकळी करा. फोनमधलं नेहमीचं रेकॉर्डर ॲप असं करू देत नसेल तर वेव्ह फाइल देणारं दुसरं ॲप घ्या.

'नॉइज रिडक्शन', 'व्हॉइस एन्हान्स', 'ऑटो गेन' अशा नावाचं जे जे दिसेल ते बंद करा. ऑटो गेन शांततेत आवाज ओढून वाढवतो आणि माणूस बोलू लागला की दाबतो, त्यामुळे मागची घरघर श्वास घेतल्यासारखी वरखाली होत राहते. म्हातारी माणसं वाक्याच्या शेवटी आवाज सोडून देतात, आणि मराठीत क्रियापद तिथेच असतं. आवाज-सफाई नेमकी ती शेपटं खाते. 'केलं' की 'केलंय' की 'केलं न्हाई', काही कळत नाही.

आवाजाची पातळी हाताने ठेवा. ॲपच्या मापकावर शून्य म्हणजे सर्वांत वरची मर्यादा, त्याखालचे आकडे उणे दिसतात. सर्वांत मोठं हसू किंवा हाक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये, एरवीचं बोलणं उणे १८ ते उणे १२ च्या मध्ये खेळावं. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला सांधता येत नाही.

सावधान: ब्लूटूथ इअरबडचा माइक वापरू नका. माइक चालू झाला की ही जोडणी बरेचदा फोनकॉलच्या दर्जावर उतरते. तिथे आवाज सेकंदाला ८,००० किंवा १६,००० वेळाच मोजला जातो, म्हणजे ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही. 'स'चा बहुतेक जोर ४ किलोहर्ट्झच्या वर असतो. फोनवर नाव सांगताना 'स' आणि 'फ'ची गल्लत होते ती यामुळेच. चार्जरही काढून ठेवा, वायरच्या माइकमध्ये त्याची गुणगुण उतरते.

तपासणी, आणि ही टाळू नका: कण, खण, तर, थर, गाव, घाव, माल, माळ, चार, चारा. हे दहा शब्द घरातल्या कुणालाही उलटसुलट क्रमाने बोलायला सांगा, त्याच जागी, त्याच माइकवर. मग दुसऱ्या खोलीत असलेल्या माणसाला हेडफोन देऊन ऐकून लिहायला सांगा. 'चार'मधला तालव्य च आणि 'चारा'मधला दंत्य च त्याला वेगळे वाटतात का, तेही विचारा. दहाही बरोबर आले तर सुरू करा. एक जरी चुकला तरी माइक आणखी जवळ आणा, अजून एक गोधडी टांगा आणि पुन्हा घ्या.

## टप्पा ७: आता बटण

रेकॉर्डिंग सुरू करून आधी अर्धा मिनिट गप्प बसा. ही खोलीची शांतता पुढे फार उपयोगी पडते. मग तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव, तुमचं नाव. मग परवानगी एकदा त्यांच्या तोंडून. त्यानंतर लगेच कामाचं विचारू नका. पाच-सात मिनिटं पाऊसपाणी, नातवंडं, गुडघेदुखी असं होऊ द्या, तोवर माइकचा विसर पडतो.

तुम्ही त्यांच्याच बोलीत बोला. तुम्ही पुस्तकी मराठीत विचारलंत की त्या पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचा प्रयत्न करतात. वऱ्हाडात आजी 'डोया' म्हणत असेल आणि तुम्ही 'डोळा' म्हणालात, की पुढच्या वाक्यात तिचाही 'डोळा' होतो. मालवणी माणसाला "कुठे?" विचाराल तर तो 'खंय' गिळून टाकेल. बोली येत नसेल तर घरातल्याच कुणाला विचारू द्या, नातीने विचारलेलं सगळ्यांत चांगलं. कमी ऐकू येत असेल तर ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. समोरून ओरडून विचारलंत तर त्यासुद्धा ओरडून बोलतील, आणि ओरडताना स्वर ताणले जातात, सूर चढतो.

'हं', 'बरं', 'हो का' हे तोंडाने म्हणू नका, मानेने म्हणा. तुमचा हुंकार त्यांच्या शब्दावर पडतो आणि दोन आवाज वेगळे करता येत नाहीत. वाक्य संपल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. बरेचदा सर्वांत मोलाची गोष्ट त्या थांबण्यानंतर येते, तुम्ही घाईने पुढचा प्रश्न टाकलात तर ती येणार नाही.

गाडी गेली, कोंबडा आरवला, कुणी दार वाजवलं, तरी मध्ये थांबवू नका. वहीत वेळ लिहा आणि गोष्ट पूर्ण झाली की विचारा, "आजी, मघाशी ते बी पेरायच्या फणाला काय म्हणालात?" न कळलेल्या प्रत्येक शब्दाचं असंच करा, त्याच बैठकीत, उठण्याआधी. चूक म्हणून दुरुस्त मात्र काहीही करू नका.

पाऊण तासात थांबा. दमलेला आवाज खाली बसतो, घशात खरखर येते, व्यंजनं सैल पडतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसता येतं.

## टप्पा ८: त्याच संध्याकाळी

फाइल लॅपटॉपवर आणि वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवा, आणि तिसरी प्रत दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा क्लाउडवर ठेवा. तिन्ही प्रती झाल्याशिवाय फोनमधून पुसू नका. मूळ फाइलला हात लावायचा नाही, काटछाट करायची ती प्रतीवर. ऑडॅसिटीसारखं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं. शब्दाचं चित्र बघून 'गाव' की 'घाव' ठरवायचं असेल तर प्राट हे मोफत साधन आहे, त्यात श्वासाची खरखर डोळ्यांना दिसते. अर्थात ती रेकॉर्ड झालेली असेल तर.

फाइल कुणाला पाठवायची असेल तर व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस मेसेजमध्ये आवाज आवळून लहान केला जातो, डॉक्युमेंट जशीच्या तशी जाते. मोठी असेल तर क्लाउडची लिंक द्या. स्पीकरवर वाजवून दुसऱ्या फोनने रेकॉर्ड करणारेही मी बघितले आहेत, तसं करू नका. एका खोलीवर दुसऱ्या खोलीची घुमघुम चढते.

फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग क्रमांक, मध्ये मोकळी जागा नको. सोबत एका कागदावर लिहा: बोलणाऱ्याचं वय, जन्मगाव, शिक्षण, किती वर्षं कुठे राहिले. बाईंच्या बाबतीत माहेरचं गाव आणि लग्न होऊन आल्याचं वर्ष न चुकता लिहा. साठ वर्षं सासरी राहिलेल्या बाईच्या ओव्यांत माहेरची बोली जशीच्या तशी सापडते, आणि हे माहीत नसेल तर तो शब्द भलत्याच तालुक्याच्या नावावर जमा होतो. खोली कुठली, माइक किती अंतरावर, कवळी होती का, सर्दी होती का, हेही लिहा.

उतरवून घेताना जो शब्द कळणार नाही तिथे अंदाज लिहू नका. मिनिट-सेकंद लिहून जागा मोकळी सोडा आणि आठवड्याच्या आत, त्यांना आठवतंय तोवर, फोन करून विचारा.